‘ईक आउट’ म्हणजे पुरवणे: एका इंग्रजी क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबवणे, टिकवणे, ताणणे अशा अर्थाची क्रियापदं इंग्रजीत ढिगानं आहेत. त्यांतलं सगळ्यांत छोटं म्हणजे ‘ईक’. तीन अक्षरांचं, आणि हल्ली ‘आउट’शिवाय घराबाहेर न पडणारं. भाषांतराच्या कामात मला ते वरचेवर भेटतं. दर वेळी मराठीत वेगळा शब्द योजावा लागतो, आणि नवीन मंडळी नेमकी तिथेच अडखळतात. या शब्दाकडे इंग्रजी कोशातून जाण्याऐवजी मराठीतल्या ‘पुरवणे’ या क्रियापदातून गेलं, तर तो फार लवकर उमगतो असं माझं ठाम मत आहे. खालची बहुतेक उत्तरं त्याच वाटेनं जातात.

‘ईक आउट’चा अर्थ थोडक्यात काय?

आज तो तीन प्रकारे वापरला जातो. अपुऱ्या वस्तूत दुसऱ्या कशाची तरी भर घालून ती पुरेशी करणे, हा पहिला. आहे तेवढंच जपून वापरून जास्त काळ पुरवणे, हा दुसरा. आणि कष्टानं, जेमतेम काहीतरी पदरात पाडून घेणे, हा तिसरा. त्यात पोट भरणं आलं आणि सामना जिंकणंही आलं. तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट कायम असते, ती म्हणजे टंचाई. जिथे रेलचेल आहे तिथे हा शब्द बसतच नाही.

उच्चार आणि स्पेलिंग कसं?

उच्चार ‘ईक’, दीर्घ. स्पेलिंग ई, के, ई. घाबरून किंचाळण्याचा जो उद्गार आहे, त्याचं स्पेलिंग ई, ई, के. दोघांचा उच्चार तंतोतंत सारखा असल्यामुळे चांगल्या लिहिणाऱ्यांच्या हातूनही अदलाबदल होते. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीसही ती पकडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

मूळ अर्थ ‘वाढवणे’ होता असं वाचलं. मग ‘पुरवून वापरणे’ कुठून आलं?

हा या शब्दाबद्दलचा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११५० सालापूर्वीच्या भाषेत, हे क्रियापद ‘वाढवणे, भर घालणे’ एवढ्याच अर्थानं वापरलं जाई. त्याची भावंडं उत्तर युरोपात आजही त्याच अर्थानं नांदतात. स्वीडिशमध्ये ‘ऊका’ म्हणजे वाढवणे, आइसलँडिकमध्ये ‘औका’ म्हणजेही तेच. इंग्रजीत मात्र ‘इन्क्रीज’, ‘ऑगमेंट’, ‘ॲड’ असे फ्रेंच आणि लॅटिन वळणाचे शब्द आले आणि त्यांनी हे मोठं अंगण व्यापून टाकलं. ‘ईक’च्या वाट्याला एक कोपरा उरला: कमी पडणाऱ्या गोष्टीत थोडीशी भर.

हा कोपरा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर मधमाश्यांचं जुनं घर पाहावं. लाकडी चौकटींच्या पेट्या रुळण्यापूर्वी (अमेरिकेतले मधमाश्यापालक लँगस्ट्रॉथ यांनी हलत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट १८५२ साली घेतलं) युरोपात माश्या गवती टोपलीत पाळत. वाळल्या गवताचा पेंढीसारखा लांब वळ करायचा, तो गोल गोल गुंडाळत न्यायचा, काटेरी वेलीच्या सालीच्या पट्टीनं वेढे एकमेकांना शिवायचे, आणि तयार झालेली टोपली फळीवर पालथी घालायची. माश्या आत वरून खाली पोळी बांधत येतात. वसाहत वाढली की जागा संपते. टोपली बदलावी तर सगळी पोळी मोडतात. म्हणून पाळणारा त्याच गवताच्या तीन-चार वेढ्यांचं एक बिनटोपणाचं कडं तयार करी, टोपली हलकेच उचलून ते खाली सरकवी आणि टोपली पुन्हा वर ठेवी. घर तेच, फक्त चार बोटं उंच झालं. या कड्याचं इंग्रजी नाव ‘ईक’. शब्दाचा जुना अर्थ इतका हाताशी मला दुसरीकडे कुठेच सापडलेला नाही.

आता दुसरा अर्थ. कंदिलात तेल कमी आहे आणि पहाट दूर आहे. तुम्ही बाटलीच्या तळाशी उरलेलं चमचाभर तेल शोधून कंदिलात ओतता. हा ‘ईक आउट’चा पहिला अर्थ झाला. मग वात खाली करता, उजेड मंद होतो, पण तेच तेल तासभर जास्त चालतं, हा दुसरा. दोन्ही वेळा तुमचं लक्ष पहाटेकडे आहे. लोक दोन्ही कृती एकाच गरजेपोटी करतात, म्हणून शब्द एकीवरून दुसरीवर सहज सरकला. पहिल्यात तेल वाढलं, दुसऱ्यात वेळ वाढला. ‘वाढवणे’ सुटलं नाहीच, काय वाढलं ते बदललं.

मराठीत याला नेमका प्रतिशब्द कोणता?

पुरवणे. आणि हा जोड इतका चपखल आहे की पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून मराठी कोश उघडून बसले होते.

‘पुरणे’ म्हणजे पुरेसं होणे. त्याचं प्रयोजक रूप ‘पुरवणे’, म्हणजे पुरेल असं करणे. ते दोन रीतींनी करता येतं. बाहेरून आणून देऊन (माल पुरवणे, माहिती पुरवणे), किंवा आहे ते बेतानं वापरून (‘एवढेच पैसे आहेत, महिनाभर पुरव’). म्हणजे भर घालणे आणि टिकवणे या दोन्ही गोष्टी मराठी एकाच क्रियापदानं सांगते, आणि इंग्रजीतलं ‘ईक’ नेमकं तेच करतं. वर्तमानपत्राबरोबर येते ती पुरवणी. उत्तरपत्रिकेची पानं संपली की दोऱ्यानं बांधतो तीही पुरवणी, म्हणजे कागदाचं ‘ईक’च. आणि ‘पुरवून पुरवून वापरणे’ या द्विरुक्तीत काटकसरीची जी कळ आहे, ती ‘ईक आउट’मध्ये हुबेहूब आहे.

जाता जाता: ‘पिच्छा पुरवणे’ यात ना भर आहे ना काटकसर, पण शेवटपर्यंत नेण्याचा भाव आहे. ‘ईक’ला जोडलेल्या ‘आउट’बद्दल पुढे लिहिलंय, तिथे हा भाव पुन्हा भेटेल.

म्हणजे ‘पुरवणे’ आणि ‘ईक’ एकाच मुळातले?

नाही. अर्थ जुळतो, कूळ वेगळं. ‘पुरवणे’ संस्कृतच्या ‘पूर्’कडे, ‘पूर्ण’कडे जातं, मूळ अर्थ भरणे. त्याचे लॅटिन नातेवाईक ‘प्लेनुस’ (भरलेला) आणि ‘प्लेरे’ (भरणे). त्यांच्यातूनच इंग्रजीत ‘सप्लाय’ आणि ‘सप्लिमेंट’ आले. तेव्हा ‘पुरवठा’ आणि ‘सप्लाय’, ‘पुरवणी’ आणि ‘सप्लिमेंट’ या जोड्या अर्थानं जुळतातच, शिवाय नात्यानंही त्या दूरच्या चुलत बहिणी आहेत. ‘ईक’ त्या घरातला नाही.

मग ‘ईक’चं संस्कृतशी काही नातं आहे का? ‘एक’शी?

‘एक’शी नाही, तो ध्वनीचा योगायोग आहे. ‘एक’ हा इंग्रजी ‘वन’ आणि लॅटिन ‘ऊनुस’ यांच्या बाजूचा शब्द.

‘ईक’चं खरं नातं ‘ओज’ आणि ‘उग्र’ यांच्याशी आहे. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांमागे ‘औग्’सारखा एक प्राचीन धातू मानतात, अर्थ वाढणे, वाढवणे. लॅटिनमध्ये तो ‘ऑगेरे’ झाला, लिथुएनियनमध्ये ‘औग्ती’ म्हणजे वाढणे. संस्कृतात ‘औ’चा ‘ओ’ झाला. ‘ओजस्’मध्ये ‘ग’चा ‘ज’ झाला आणि ‘उग्र’मध्ये ‘ग’ तसाच राहिला. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळात, जुन्या ‘ग’चा ‘क’ होतो, म्हणून इंग्रजीत ‘ईक’. हा बदल नियमित आहे. लॅटिन ‘युगुम’ आणि इंग्रजी ‘योक’, म्हणजे जू, पाहा: तिथेही ग-क अशीच जोडी. आपलं ‘युग’ त्याच घरातलं.

‘ओज’ म्हणजे वाढीतून आलेलं बळ, आणि ‘ईक’ म्हणजे बळ कमी पडल्यावर घातलेली भर. एकाच धातूच्या दोन लेकी इतक्या वेगळ्या घरी पडल्या, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या कुळातले आणखी कोणते इंग्रजी शब्द आपल्या ओळखीचे आहेत?

भरपूर. ‘ऑक्शन’ म्हणजे लिलाव, कारण त्यात बोली वाढत जाते. ‘ऑथर’ म्हणजे वाढवणारा, मग निर्माण करणारा, मग लेखक. त्याच्याच पाठोपाठ ‘ऑथॉरिटी’. ‘ऑक्झिलिअरी’ म्हणजे साहाय्यक. वनस्पतींची वाढ घडवणाऱ्या ‘ऑक्झिन’ या संप्रेरकाचं नाव याच मुळाच्या ग्रीक शाखेतून घेतलेलं आहे. ‘ऑगस्ट’सुद्धा याच घरचा असं साधारण मानलं जातं: इसवी सनापूर्वी २७ साली रोमच्या सिनेटनं ऑक्टेव्हियनला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि इसवी सनापूर्वी ८ साली महिन्याला त्याचं नाव मिळालं. चंद्राच्या कला वाढतात तेव्हा इंग्रजीत चंद्र ‘वॅक्स’ होतो, तेही क्रियापद इथलंच. मेणाच्या ‘वॅक्स’शी त्याचा संबंध नाही. आणि जकातीला म्हणतात तो ‘ऑक्ट्रॉय’ हा ‘ऑथर’च्याच लॅटिन पूर्वजापासून फ्रेंचमार्गे आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ अधिकारानं देणे.

‘निकनेम’ हा शब्द ‘ईक’पासून आला हे खरं का?

खरं आहे. जुना शब्द ‘ईकनेम’, म्हणजे खऱ्या नावाला जोडलेलं जादा नाव. त्याच्याआधी एकवचनी उपपद ‘ॲन’ यायचं. ‘ॲन ईकनेम’ हे भरभर म्हणा: ‘न’ कुठल्या शब्दाचा, हे कानाला कळेनासं होतं. पंधराव्या शतकापर्यंत लोकांनी तो ‘न’ नावाला चिकटवून टाकला आणि ‘अ नेकनेम’ झालं. त्याचंच पुढे ‘निकनेम’. स्वीडिशमध्ये असं उपपद आड आलं नाही, म्हणून तिथे टोपणनावाला, तेही चिडवायच्या, आजही ‘ऊकनाम्न’ म्हणतात.

असा ‘न’ इंग्रजीत इकडून तिकडे पुष्कळदा गेला आहे. ‘न्यूट’ हा पाण्यातला सरडेवजा प्राणी आधी ‘इव्ट’ होता, त्याला ‘न’ मिळाला. ‘एप्रन’ आधी ‘नेप्रन’ होता, ‘अंपायर’ आधी ‘नंपायर’च्या जवळचा होता, ‘ॲडर’ हा साप आधी ‘नॅडर’ होता. या तिघांनी ‘न’ गमावला. ‘ऑरेंज’नं तो इंग्रजीत येण्यापूर्वीच हरवला होता. आपल्या ‘नारिंगी’त मात्र तो शाबूत आहे.

शेक्सपिअरनं हा शब्द वापरलाय का?

वापरलाय, आणि त्याच्या तीन जागा पाहिल्या की शब्दाचा आवाका कळतो.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे सुमारे १५९६ चं नाटक. तिसऱ्या अंकात बॅसानिओ तीन पेट्यांपैकी एक निवडणार आहे. चुकला तर पोर्शियाला कायमचा दुरावणार. पोर्शिया त्याला बोलण्यात गुंतवून ठेवते आणि स्वतःच कबूल करते: मी फार बोलतेय, पण ते वेळेला वजन बांधावं म्हणून, वेळ वाढवावा, लांबवावा, आणि तुमची निवड पुढे ढकलावी म्हणून. त्या ‘वाढवावा’च्या जागी ‘ईक’ आहे. तिच्याजवळ भर घालायला फक्त शब्द आहेत आणि ती ते वेळेत ओततेय. कंदिलातल्या चमचाभर तेलासारखं.

१५९९ च्या सुमाराच्या ‘हेन्री फिफ्थ’मध्ये निवेदक प्रेक्षकांना विनवतो की आमच्या प्रयोगात जे कमी पडेल ते तुमच्या मनानं भरून काढा. रंगमंचावर जहाजं आणि सैन्य कुठून आणणार? ही भर प्रेक्षकांनी घालायची.

‘ॲज यू लाइक इट’मधली जागा सगळ्यांत गोड आहे. कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्या ऑर्लँडोला रोझालिंड म्हणते, माझं जे थोडंसं बळ आहे ते तुझ्यासोबत असो. लगेच सीलिया म्हणते, आणि माझंही, तिच्या बळाला पुरवणी म्हणून. इथे ‘पुरवणी’ सोडून दुसरा मराठी शब्द मला शोधूनही सुचत नाही.

‘प्रोलाँग’, ‘प्रोट्रॅक्ट’, ‘एक्स्टेंड’ आणि ‘ईक आउट’ यांत फरक काय?

‘प्रोलाँग’ तटस्थ आहे: लांब करणे, बस्स. मुक्काम लांबवला, आयुष्य लांबलं.

‘प्रोट्रॅक्ट’ लॅटिन ‘ओढणे’वरून आलं, ट्रॅक्टर ओढतो तो हाच धातू. पुढे ओढत नेणे हा मूळ अर्थ, म्हणून त्यात कंटाळा मिसळलेला आहे. ‘प्रोट्रॅक्टेड’ वाद म्हणजे रेंगाळलेला वाद, भिजत घोंगडं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला ‘प्रोट्रॅक्टर’ म्हणतात तेही इथूनच, कारण मोजलेला कोन तो कागदावर ओढून, रेखून देतो. ‘पोर्ट्रेट’सुद्धा याच लॅटिन क्रियापदाचं फ्रेंचमधून आलेलं अपत्य आहे. मराठीतही रेघ ‘ओढतात’ आणि चर्चाही ‘ओढत’ नेतात, म्हणून हा शब्द आपल्याला परका वाटू नये.

‘एक्स्टेंड’ म्हणजे ताणणे, आणि हे भाषांतर अर्थासोबत रक्तानंही बरोबर आहे. लॅटिन ‘टेंडेरे’, संस्कृत ‘तन्’, त्यातून आपले तंतू, तान आणि ताणणे. मुदत ‘एक्स्टेंड’ करणारा ती रबरासारखी ताणतो; बाहेरून काही घालावं लागत नाही.

‘ईक आउट’ या तिघांपासून एका बाबतीत वेगळं पडतं: त्याला तुटवडा लागतो. भरपूर बॅटरी असलेल्या फोनवर तुम्ही बोलणं ‘प्रोलाँग’ करू शकता. बॅटरी तीन टक्क्यांवर आली, पडदा काळोखा केला, सगळी ॲप्स बंद केली आणि घरी पोचेपर्यंत फोन जिवंत ठेवला, तर ती तुम्ही ‘ईक आउट’ केली.

‘ईक आउट अ लिव्हिंग’ हा प्रयोग चुकीचा आहे का?

यावर जुना वाद आहे. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात हरकत घेतली होती. त्यांचं तर्कशास्त्र स्वच्छ होतं: तुटपुंज्या पगाराला शिकवण्यांची जोड दिली तर पगार ‘ईक आउट’ झाला, कारण भर पगारात पडली. उपजीविका ही त्या खटपटीतून निघालेली गोष्ट आहे. तिच्यात भर पडलेली नाही, मग ती ‘ईक’ कशी होईल?

व्युत्पत्तीच्या अंगानं ते बरोबर होते. पण ते लिहीत होते तेव्हाही हा प्रयोग रुळलेलाच होता, आणि आज तर हाच सगळ्यांत जास्त कानावर पडतो. सगळे मोठे कोश तो निमूटपणे नोंदवतात. माझं मत विचाराल तर तो चूक मानू नये. जिथे रोजचा दिवसच अपुरा असतो तिथे माणूस चार कामांचे चार तुकडे जोडून दिवस पुरा करतो, आणि त्या जोडण्यातूनच हा अर्थ उगवला आहे. मराठीत इथे ‘पुरवणे’ चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ‘कशीबशी गुजराण करणे’, ‘हातातोंडाची गाठ घालणे’, ‘दिवस काढणे’ यांतलं वाक्याला शोभेल ते घ्यावं.

‘आउट’ कशाला हवं?

शेवटापर्यंत नेण्यासाठी. नुसतं ‘ईक’ म्हणजे भर घाल. ‘ईक आउट’ म्हणजे पुरं होईपर्यंत घाल. मराठीत हे काम ‘काढणे’ करतं. ‘दिवस काढले’, ‘रात्र जागून काढली’, ‘भरून काढलं’: यांत बाहेर काही काढलेलं नसतं, पार नेलेलं असतं.

क्रीडा बातम्यांत ‘ईक्ड आउट अ विन’ येतं, ते काय?

निसटता विजय. जेमतेम जिंकले. इथे भर वगैरे काही उरलेली नाही, फक्त धडपड शिल्लक आहे.

जुन्या कवितेत ‘ईक’ म्हणजे ‘सुद्धा’ असतं. तो हाच शब्द?

जवळचा नातेवाईक. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसर तो ‘शिवाय, आणखी’ या अर्थानं सर्रास लिहितो. जर्मनमधला ‘औख’ आणि डचमधला ‘ओक’ हे त्याचे जिवंत भाऊ, अर्थ ‘सुद्धा’. इंग्रजीत तो आता फक्त जुनाट चव आणण्यासाठी वापरतात.

नाम म्हणून ‘ईक’ आज कुठे दिसतं?

मधमाश्यापालनात ते अजून आहे. लाकडी पेटीखाली किंवा वर ठेवायच्या ठेंगण्या चौकटीलाही ‘ईक’ म्हणतात. आणि स्कॉटलंडच्या कायद्यात. मृत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी मंजूर झाल्यावर एखादी राहून गेलेली मालमत्ता सापडली, तर यादीला जो जोड द्यावा लागतो त्याला तिथे ‘ईक’ म्हणतात, स्पेलिंग तेवढं निराळं. आपल्या कचेरीच्या भाषेत पुरवणी यादी.

भाषांतर करताना कोणता अर्थ घ्यायचा ते कसं ओळखावं?

शब्दयोगी अव्ययाकडे बघा. मागे ‘विथ’ असेल तर भर कशाची घातली ते लगेच पुढे सापडतं, तिथे ‘जोड देणे’, ‘भर घालणे’ घ्या. ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑन’ असेल तर बहुधा कष्टाचा अर्थ असतो: खडकाळ जमिनीतून, तुटपुंज्या कमाईवर. यांपैकी काहीच नसेल आणि वाक्यात मुदतीचा उल्लेख असेल, जसं की ‘उन्हाळाभर’ किंवा ‘मदत येईपर्यंत’, तर ‘पुरवून वापरणे’.

कर्मही तपासा. पाणी, इंधन, पैसे ही कर्मं ‘पुरवली’ जातात. जगणं, विजय, बहुमत ही ‘कशीबशी मिळवली’ जातात. एकदा एका मसुद्यात मला ‘वाळवंटात अडकलेल्या तुकडीनं पाणी मिळवलं’ असं वाक्य दिसलं. मुळात ‘ईक्ड आउट’ होतं, आणि तुकडीला पाणी कुठेच मिळालेलं नव्हतं. असलेल्या दोन पखाली त्यांनी घोट घोट करून नऊ दिवस पुरवल्या होत्या.